तुला काय, तू इंग्लिश मीडियमची

आठव्या क्रॉसच्या तोंडाशी अवरेकाईचे ढीग लागले, की मी रस्त्याची बाजू बदलायचं ठरवते. प्रत्यक्षात वास आधी येतो आणि पाय तिकडेच वळतात. वालाच्या जातीतल्याच या शेंगा, पण ठेंगण्या, फुगीर आणि अंगाला तेलकट. हातात घेतल्या की एक चिकट, हिरवा, थोडा उग्र वास बोटांना लागतो तो साबणानेही जात नाही. इथली माणसं त्याला सोगडू म्हणतात. सोगडू नसलेली शेंग आई परत ढिगात टाकते. विकणारी बाई रागावते, आई कन्नडमध्ये तिची समजूत घालते, "सरी, सरी अक्का," म्हणत पिशवी पुढे करते आणि शेवटी एक मूठ जास्तीची टाकून घेतेच. मी बाजूला उभी राहते. भाव करणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही.

बेंगळुरूच्या या मल्लेश्वरममध्ये या दिवसांत ऊन पातळ असतं. सकाळी स्वेटर लागतो, अकराला तो नकोसा होतो. घराघरांतून हितकिद बेळ्याच्या साराची फोडणी येते. हितकिद बेळे म्हणजे रात्री भिजवून सकाळी सोललेले अवरेचे दाणे. दाणा चिमटीत धरून दाबला, की साल बोटांत राहते आणि आतला हिरवा दाणा टुणकन पातेल्यात उडतो. डाळिंब्या सोललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. या कामाला डोकं लागत नाही, फक्त बोटं लागतात. डोकं मोकळं राहतं. आणि मोकळ्या डोक्यात काय काय येऊन बसतं, ते मला त्या एका हिवाळ्यात कळलं.

त्या हिवाळ्यात मुक्ता आमच्याकडे राहायला आली होती. मुक्ता माझी चुलत बहीण, निपाणीजवळच्या आमच्या गावात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली, माझ्याहून थोडी लहान. बँकेच्या परीक्षेची तयारी करायला आली होती. त्याच परीक्षेची तयारी मीही करत होते. एकाच खोलीत दोन टेबलं लावली. तिचं खिडकीपाशी, कारण अप्पा म्हणाले, "तिला उजेड लागेल, तिला जास्त वाचायचंय."

अप्पा म्हणजे माझे वडील. त्याच गावातून, त्याच शाळेतून ते कारकुनीसाठी बेंगळुरूला आले. कन्नड ते कचेरीत बोलून शिकले. इंग्रजी मात्र त्यांना बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते वाचून शिकले. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं, पुठ्ठा सुटलेलं एक जाड पुस्तक त्यांच्याकडे होतं. त्यात इंग्रजी शब्दांची मुळं दिली होती, कुठला शब्द लॅटिनमधून आला, कुठला ग्रीकमधून. खात्याच्या परीक्षा अप्पा त्या पुस्तकावर पास झाले. त्यामुळे त्यांचं इंग्रजी डोळ्यांतून आत गेलेलं होतं, कानाशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. 'डाउट'मधला बी ते म्हणायचे. 'आयलंड'मधला एससुद्धा. मुक्ताने एकदा विचारलं, "काका, आमच्या सरांनी सांगितलंय, तो बी म्हणायचा नसतो." अप्पा म्हणाले, "तो बी पूर्वी नव्हताच. मागाहून पंडितांनी घातला, मूळ लॅटिन शब्दात आहे म्हणून. एवढ्या मानानं आणून बसवलाय, तर हाक मारायला काय हरकत?"

मी हे आतल्या खोलीतून ऐकत होते.

सकाळची ती सोलण्याची बैठक म्हणजेच अप्पांचा वर्ग होता. स्वयंपाकघराच्या जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर भिजवलेले दाणे, मधे पातेलं, एका बाजूला अप्पा, एका बाजूला मुक्ता, ओट्याशी आई. शब्द लिहून घ्यायचा नाही हा नियम. अप्पांचं म्हणणं, लिहिला की माणूस निर्धास्त होतो आणि विसरतो. हात कामात ठेवायचे आणि शब्द तोंडाने फोडायचा. डोकं कुठलं, धड कुठलं, शेपूट कुठलं. ज्याला फोडता येणार नाही, त्याच्यापुढे दुसऱ्याने आपल्या ढिगातली एक मूठ सरकवायची. सुरुवातीला मुक्तापुढचा ढीग संपतच नसे. संक्रांत जवळ आली तेव्हा अप्पांपुढे ढीग वाढायला लागला, आणि ते त्याने इतके खूश दिसायचे, की मला खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटायचं. लावायचे मात्र नाही. दार लावलं तर ऐकू आलं नसतं.

"मॅनस म्हणजे हात," अप्पा म्हणायचे. "स्क्रिप्ट म्हणजे लिहिलेलं. मग मॅन्युस्क्रिप्ट?"

"हातानं लिहिलेलं," मुक्ता म्हणायची, आणि मग तिचा आवाज एकदम वर चढायचा, "हस्तलिखित की हो काका. नुसतं कापड बदललंय."

मॅन्युस्क्रिप्ट हा शब्द मला शाळेपासून येत होता. त्याचं स्पेलिंग कधी चुकलं नाही. त्याला वाक्यात कुठे बसवायचं, कुठे नाही, हे मला न सांगता कळायचं. त्यात एक हात आहे, हे मात्र मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो शब्द माझ्या घरात राहत होता आणि मी त्याला कधी नीट पाहिलं नव्हतं. मुक्ता कालची पाहुणी, आणि तिने आल्या आल्या त्याचा हात हातात घेतला.

मी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकले असं म्हणता येणार नाही. ते तिथे हवेत होतं. सिस्टर ओरडायच्या ते इंग्रजीत, मैत्रिणी चिडवायच्या ते इंग्रजीत. मराठी घरात होतं, कन्नड रस्त्यावर. माझ्या तीनही भाषा कानाने आलेल्या. बरोबर उत्तर मला येतं, पण का बरोबर ते विचारलं तर मी गप्प. सराव परीक्षेत 'अफेक्ट' की 'इफेक्ट' असा प्रश्न आला, की मी मनात दोन्ही म्हणून बघायचे आणि जे कानाला टोचत नाही ते निवडायचे. मुक्ता ओठ हलवत, शेपूट-धड करत बसायची. तिचे निम्मे चुकायचे. पण जे बरोबर यायचे ते तिने कमावलेले असायचे, आणि त्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिवसभर पुरायचा. मला पैकीच्या पैकी मिळाले तरी कुणाच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. माझ्याही नाही.

एकदा मी धीर करून चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. अप्पा तेव्हा एमिग्रंट आणि इमिग्रंट या जोडीवर आले होते.

"एक बाहेर जाणारा, एक आत येणारा. निपाणीहून निघालो तेव्हा मी एमिग्रंट. बेंगळुरूत उतरलो तेव्हा इमिग्रंट. माणूस तोच, बस तीच, ट्रंकही तीच."

"मग मी कोण, काका?"

"तू अजून पाहुणी. भाकरी थापायला लागलीस की बघू."

मुक्ता हसली, आई हसली, मीही हसले. मग अप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तो त्यांनी परत गिळला. म्हणाले, "तुझा पेपर सोडवून झाला?"

"नंतर सोडवते. मलाही द्या ना एक शब्द."

"तुला काय," अप्पा म्हणाले, "तू इंग्लिश मीडियमची." आणि उठून हात धुवायला गेले. हे ते चिडून म्हणाले नव्हते. कौतुकानेच म्हणत असतील. लहानपणापासून मी हे वाक्य ऐकत आले आहे, पाहुण्यांसमोर, आत्यांसमोर, शेजारच्या अक्कांसमोर. त्यात अभिमान असायचा. पण अभिमानाने फिरवलेली पाठसुद्धा पाठच असते.

त्यानंतर मी तिथे बसले नाही. गॅलरीतून कपडे काढताना, केस विंचरताना, कानात गाणी असल्याचं भासवत बिनगाण्याचे इयरफोन घालून, मी ऐकत राहिले. मला एवढंच हवं होतं, की अप्पांनी माझ्याकडे एक मूठ सरकवावी. एखादा शब्द मला न यावा, आणि तो न आल्याचं त्यांना आवडावं. ते मागावं कसं, हे मात्र मला कळत नव्हतं. ज्याला एखादी गोष्ट येते त्याला ती शिकवा म्हणायचा हक्क नसतो, असं काहीसं माझ्या मनात घट्ट बसलं होतं.

एका सकाळी ते 'एन्व्ही' आणि 'जेलसी'वर आले. मी गॅलरीत टॉवेल झटकत होते.

"लोक एकाच्या जागी दुसरा वापरतात," अप्पा सांगत होते. "समज, शेजारणीकडे चांगली साडी आहे आणि माझ्याकडे नाही, तर ती एन्व्ही. आणि माझा नवरा शेजारणीकडे बघतोय, ही जेलसी."

"कोण बघतंय?" आई ओट्याकडून म्हणाली.

"उदाहरण आहे अगं."

"उदाहरणाला शेजारीणच बरी सापडली."

मुक्ता इतकी हसली की दाणा पातेल्याऐवजी दुधात पडला. मग अप्पांनी एन्व्हीचं मूळ सांगितलं, त्यात बघण्याचं क्रियापद आहे, वाकड्या डोळ्याने बघणं. मुक्ता म्हणाली, "म्हणजे नजर लागणं," आणि अप्पा म्हणाले, "बरोबर. आण, तुझी मूठ माझ्याकडे दे."

मी हातात टॉवेल घेऊन उभी होते. माझं यातलं कुठलं? अप्पा माझे, आणि त्यांना दुसरी घेऊन चालली आहे, म्हणजे जेलसी. पण शब्द फोडणारे, हरल्यावर हसणारे, दाणे सरकवणारे हे अप्पा माझे कधी होते? ते मी या हिवाळ्यातच पहिल्यांदा पाहिले. जे आपलं कधी नव्हतंच त्याच्यासाठी जळणं, म्हणजे एन्व्ही. इंग्रजीत दोन कप्पे होते आणि मी दोन्हींत मावत नव्हते. मराठीत नुसतं 'जळते' म्हटलं असतं तर भागलं असतं. मराठी या बाबतीत कनवाळू आहे, कुठे आग लागली ते विचारत नाही.

हेवा करणाऱ्या माणसाला फार बारीक दिसतं. मुक्ता बशीतून चहा प्यायची आणि अप्पाही तिच्याबरोबर पुन्हा बशीतून प्यायला लागले होते, हे आईच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं. तिच्याशी बोलताना अप्पांच्या तोंडी 'काय करालीस गं' यायचं, गावाकडचं. माझ्याशी ते 'काय करतेस' असं नीट बोलायचे, पुस्तकातल्यासारखं. फिरायला निघाले की ते तिला हाक मारायचे आणि मला कळवायचे. हे सगळं मी पाहत होते आणि मुक्ताशी अगदी चांगली वागत होते. तिला बनशंकरीच्या देवळात घेऊन गेले, माझी निळी ओढणी दिली, मेट्रोत कार्ड कसं लावायचं ते दाखवलं. ती मला "अक्का, तू किती गुणाची आहेस" म्हणायची, आणि मी विषय बदलायचे. ती खरोखर चांगली होती. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

निकाल लागला तेव्हा अवरेकाई संपून बरेच दिवस झाले होते. मी पास झाले. मुक्ता नाही झाली, आणि इंग्रजीत तर ती पास होती, गणितात राहिली. अप्पांनी म्हैसूरपाक आणला. एक तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "तू होणारच होतीस." मग ते गॅलरीत गेले, मुक्ता तिथे कठड्याला टेकून उभी होती. संध्याकाळभर ते दोघं तिथेच होते. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तो तसाच राहू दिला होता. आत मी म्हैसूरपाकाचा तुकडा हातात धरून बसले होते आणि त्याचं तूप बोटांना लागत होतं. मी तिच्या नापास होण्याचाही हेवा केला. एवढं मला आजही लख्ख आठवतं, आणि ते चुकीचं होतं असं मला अजून वाटत नाही.

मुक्ता गावी गेली. तिने पुढे बी.एड. केलं आणि आता ती तिथल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. मी बँकेत येलहंकाच्या शाखेत आहे. तिथे दिवसभर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी बोलते, मराठी बोलायला घरी येते. या वर्षी नाताळच्या सुट्टीत मुक्ता आठवडाभर राहायला आली. आली त्याच दिवशी आईने अवरेचे दाणे भिजत टाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर धुणं वाळत घालत होतो. ती शाळेतल्या मुलींबद्दल सांगत होती. शब्द फोडायला लावते, आणि दाण्यांऐवजी चिंचोके वापरते म्हणाली. मग चादरीचं एक टोक माझ्याकडे देत सहज म्हणाली, "काका तू आंघोळीला गेल्याशिवाय सुरूच करायचे नाहीत. आठवतंय? 'ती गेली का बघ गं,' म्हणून मला पाठवायचे."

मला आठवणं शक्य नव्हतं. "का?"

"का म्हणजे? तुझ्यासमोर त्यांची जीभ वळायची नाही. म्हणायचे, ती बोलत काही नाही, पण मी चुकीचं म्हटलं की तिचा कान दुखतो गं. मला दिसतं."

चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेली होती, म्हणून तिला माझा चेहरा दिसला नाही. मी कधी काही बोलले नव्हते. अगदी लहान असल्यापासून नाही. पण तो बी ऐकला की माझ्या आत काहीतरी आक्रसायचं, हे खरं. ते बाहेर दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, घरात नजर ठेवून असणारी मी एकटीच.

"मला तुझा राग यायचा, अक्का," मुक्ता म्हणाली. "माझ्यापुढं कुणाला कसली लाजच वाटत नाही. तुझ्यापुढं घरातला मोठा माणूस तोंड सांभाळून बोलतो."

"मग अदलाबदल करू या," मी म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. हसत हसत ती चिमटे लावत राहिली. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. कुणीतरी आपल्याला इतकं मोठं मानतं, की समोर शब्द उच्चारायला कचरतं. पण मी मनात हिशेब मांडला तो असा, की मुक्ताला वर्षानुवर्षं पुरेल इतकं मिळालं, आणि मला मिळाला तो मान. मानाला वास नसतो, तो बोटांना लागत नाही. खरोखर अदलाबदल होत असती तर मी त्या क्षणी केली असती, बँकेच्या नोकरीसकट.

पण एक गोष्ट बदलली. आतापर्यंत मी समजत होते की मी त्या वर्गात नको होते. आता कळलं, की माझी भीती वाटत होती. नको असलेल्याला काही करता येत नाही. ज्याची भीती वाटते त्याला निदान जवळ जाऊन बसता येतं.

काल सकाळी मुक्ता आंघोळीला गेली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या जागी बसले. दाणे ओढून घेतले. अप्पा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"रजा आहे आज?"

"आहे."

मी सोलायला लागले. मी मान वर केली नाही. कान दुखल्याचं दिसू नये म्हणून चेहरा पातेल्यात घातला होता म्हटलं तरी चालेल. मग अप्पा खाकरले.

"ते समोर नवं अपार्टमेंट झालंय ना. माझ्या कचेरीतला एकजण राहायला आलाय तिथं. बोलावलंय. वॉचमनला नाव सांगावं लागतं." त्यांनी एक दाणा उगाच दोनदा दाबला. "त्या पाटीवर लिहिलंय ते तुमच्या शाळेत कसं म्हणायचे?"

पाटी मला माहीत होती. अप्पांनी ते नाव म्हणून दाखवलं नाही. म्हणाले असते तर त्यातली सगळी अक्षरं म्हणाले असते, शेवटच्या एससकट.

"रॉन्देवू," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "शेवटचं काही म्हणायचं नाही."

"रॉन्देवू," अप्पा म्हणाले. मग पुन्हा, हळू. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न येऊन थांबला, बरोबर आहे ना, असा. मी मान हलवली. पण मला हे नको होतं. मला त्यांची मास्तरीण व्हायचं नव्हतं, तेवढं तर मी न बोलताही होतेच.

"म्हणायचं मी सांगितलं," मी म्हणाले. "आता तो आला कुठून ते तुम्ही सांगा."

"तुला काय..." अप्पांनी सुरुवात केली.

"मला माहीत नाही, अप्पा. खरंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलते आहे की नाही, हे बघत होते. मी खरंच बोलत होते. भेटायची जागा ठरवताना तो शब्द मी कितीदा वापरला असेन, पण त्याच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. अप्पांनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि मग त्यांच्यापुढच्या ढिगातली एक मूठ माझ्या बाजूला सरकवली.

"फ्रेंच आहे. फ्रेंच मला येत नाही, पण पुस्तकात दिलंय. दोन तुकडे आहेत. पहिला म्हणजे आणून द्या. दुसरा म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वतःला..."

आतून न्हाणीघराची कडी वाजली. अप्पांनी तिकडे मान वळवली. त्यांचा चेहरा उजळला.

"थांब, मुक्ताला येऊ दे," ते म्हणाले. "तिला आवडेल हा."

"नको," मी म्हणाले. "ती यायच्या आत सांगा."